चिकाची नक्षी

माझं माहेर रावेर तालुक्यातलं, केळीच्या पट्ट्यातलं. तिथल्या प्रत्येक घरात माणसाचे दोन प्रकारचे कपडे असतात, गावातले आणि चिकाचे. केळीचा घड कापला, बुंध्याशी फुटलेलं पील छाटलं, पान तोडलं, की त्या जागेतून चीक गळतो. गळताना तो पाण्यासारखा दिसतो, म्हणून नवा माणूस फसतो. वाळला की तांबूस होतो, धुतला की काळपट, आणि मग कापड फाटेपर्यंत जात नाही. आईने त्यावर रॉकेल लावून पाहिलं होतं, लिंबू घासून पाहिलं होतं, सोड्यात उकळून पाहिलं होतं. कापड विरलं, डाग राहिले. शेवटी तिने घरात नियमच करून टाकला. चिकाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायचे आणि मागच्या परसात, गोठ्याच्या आडोशाला वाळत घालायचे. ओट्यावर बसलेल्या माणसाला ते दिसता कामा नयेत.

मला पाहायला मंडळी आली त्या दिवशी तर तिने दोरीवरचे कपडे काढून कडब्याच्या गंजीमागे टाकले होते. पाहुणे धुळ्याचे, कापसातले. त्यांना चीक कळायचा नाही, नुसतं कळकट घर वाटेल, असं तिचं म्हणणं. लग्न जमलं. त्यात गंजीचा वाटा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

लग्नानंतर मी धुळ्यात शिवणाचा कोर्स केला आणि घराच्या पुढच्या खोलीत दुकान टाकलं. ब्लाउज, पिको, फॉल, ड्रेस अल्टर करणं. वीसेक वर्षं हेच करते आहे. माझ्या भावाची मुलगी पुण्याला फॅशन डिझाइन शिकायला गेली तेव्हा तिने मला सांगितलं की आत्या, तुझं आणि माझं क्षेत्र एकच आहे. मला बरं वाटलं. दोन वर्षांनी तिचा फोन आला.

"आत्या, आमच्या मॅडम खानदेशात येताहेत. पारंपरिक वेशभूषेवर नवीन कलेक्शन करायचंय त्यांना. मीही येतेय सोबत. तुझ्याकडे उतरलो तर चालेल ना?"

मॅडम पस्तिशीच्या असतील. कॉलेजात शिकवायच्या आणि स्वतःच्या ब्रँडचे कपडेही काढायच्या. माणूस म्हणून अगदी साध्या, जेवण झाल्यावर स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवणाऱ्या. अंगात हातमागाचा मातकट कुर्ता होता आणि त्याच्या खालच्या कडेला शिलाईच नव्हती, दोरे लोंबत होते. मी आधी समजले प्रवासात उसवला असेल. भाचीने मला आत नेऊन सांगितलं की तो तसाच असतो, आणि भारीतला आहे. तरी दोन दिवसांत माझा हात तीनदा सुईकडे गेला.

मॅडमनी वही उघडून पहिला प्रश्न विचारला, "इथल्या बायका पारंपरिक काय घालतात?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. सकाळी आमच्या गल्लीत नळाला रांग लागते ती डोळ्यांसमोर आणली.

"गाऊन," मी म्हटलं. "आणि दारात कोणी आलं तर वरून ओढणी."

मॅडमनी ते लिहून घेतलं नाही. "त्याआधी?"

"त्याआधी साडी."

"त्याच्याही आधी?"

"लुगडं."

लुगडं त्यांनी लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. लुगडं नेसणारी बाई दाखवा म्हणाल्या. आमच्या गल्लीत सगळ्यांत वयस्कर समोरच्या अक्का. मी त्यांना तिकडे घेऊन गेले. अक्का गाऊन घालून शेंगा फोडत बसल्या होत्या. लुगड्याचं विचारल्यावर म्हणाल्या, "कंबरेचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरनी सोडायला लावलं. आधीच पडले असते तर बरं झालं असतं. नऊ वार खोचण्यात अर्धं आयुष्य गेलं माझं." लुगडी कुठे आहेत म्हटल्यावर त्यांनी उंबऱ्याकडे बोट दाखवलं. त्यांची गोधडी झाली होती आणि गोधडीचं आता पायपुसणं. मॅडम बराच वेळ त्या पायपुसण्याशेजारी उभ्या राहिल्या. पाय मात्र त्यांनी दिला नाही.

दुसऱ्या दिवशी साक्रीचा बाजार होता. तिकडच्या डोंगरातल्या बायका डोक्यावरून पाठीवर फडकी घेतात, छापील, ठसठशीत रंगांची. इथे आपलं काहीतरी सापडेल म्हणून मॅडम मिरच्यांच्या ढिगांमधून भराभर चालत फडक्यांच्या दुकानाशी पोचल्या. विकणारी बाई माझ्याच वयाची होती. मॅडमनी एका फडकीची किनार दोन बोटांत धरून विचारलं, "हे कुठल्या गावात होतं?"

"बठ्ठा सुरतना माल शे," ती म्हणाली. "कितला बी धुवा, रंग जावाव नही."

सगळा माल सुरतेचा आहे, असा मी मॅडमना अर्थ सांगितला. त्यांनी फडकी हळूच खाली ठेवली. बाईचं लक्ष मात्र त्यांच्या कुर्त्यावर गेलं होतं. तिने खालची कड हातात घेऊन पाहिली.

"माय, तुनं हाई खालतून उसवी जायेल शे," ती म्हणाली आणि आपल्या पोलक्याची सेफ्टी पिन काढून पुढे केली.

"काय म्हणताहेत त्या?" मॅडमनी मला विचारलं.

"कापड छान आहे म्हणताहेत."

मॅडम खूश झाल्या. त्यांनी त्या बाईबरोबर फोटो काढला. पिन मी ठेवून घेतली.

परतताना गाडीत त्यांनी वही मिटली. खूप उशीर झाला, वीस वर्षांपूर्वी यायला हवं होतं, असं म्हणाल्या. वीस वर्षांपूर्वीही माल सुरतेचाच होता, पण आणखी दुखवायला नको म्हणून मी बोलले नाही. उलट म्हटलं, उद्या परत जायच्या आधी माझ्या माहेरी जेवून जा. भरिताची वांगी सुरू झाली आहेत. बघायला काही नाही, पण जेवण चांगलं होईल.

आईला मी सकाळीच फोन करून ठेवला होता. पुण्याच्या मोठ्या मॅडम येणार म्हणून तिने ओटा धुतला होता, बाजेवर नवी चादर टाकली होती. भरीत, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, वर हिरव्या मिरचीचा ठेचा. केळीच्या पानावर वाढलं. मॅडम मन लावून जेवल्या. माझे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणतो, शेजारी बसून त्यांना भरितात शेंगदाणे का घालतात ते सांगत होते. नाना सत्तरी पार केलेले. तेव्हाही रोज मळ्यात जायचे आणि टोळी कापणीला आली की नको नको म्हणताना चार घड तरी खांद्यावर घ्यायचेच.

जेवण झाल्यावर पुढच्या नळाला पाणी नव्हतं, म्हणून मॅडम हात धुवायला मागे गेल्या. बराच वेळ झाला तरी येईनात. आईने मला पाठवलं. पाहते तर त्या गोठ्याच्या आडोशाला, दोरीसमोर उभ्या होत्या. नानांचा चिकाचा सदरा त्यांनी दोन्ही हातांत धरला होता, देवळातलं वस्त्र धरावं तसा.

"हे कोणी केलं?"

"नानांनी," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार.

"मला त्यांच्याशी बोलायचंय."

आत्ताच तर भरिताविषयी बोलत होते. मी नानांना हाक मारली. ते टॉवेलला हात पुसत आले आणि सदरा पाहून ओशाळले. त्यांना वाटलं, बाई दोरीला अडकली.

"नाना, हा रंग कशाचा?"

"चीक आहे तो."

"केळीचा? म्हणजे पूर्ण नैसर्गिक?"

"मंग काय. केळीचाच."

"असा एक सदरा व्हायला किती दिवस लागतात?"

नाना विचारात पडले. हिशेब चुकू नये असं त्यांना फार वाटतं. "याले तीन वर्षं झाले असतीन," ते म्हणाले. "जो पुरा काळा आहे ना आत, त्याले पाच."

मॅडमनी क्षणभर डोळे मिटले. "आणि हे तुम्हाला शिकवलं कोणी?"

"शिकवायचं काय त्यात? माह्या बापाच्या अंगावर बी असंच होतं."

मॅडम वहीत लिहू लागल्या. मी तिरप्या नजरेने वाचलं. 'पिढ्यान्पिढ्या. कुठेही नोंद नाही. तोंडी परंपरा.' भाचीही वाचत होती. तिचे कान लाल झाले होते, पण मॅडम तिच्या परीक्षक होत्या आणि तिचं वर्ष शेवटचं होतं.

आई मागच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी जवळ गेल्यावर हळूच म्हणाली, "आल्या आल्या सांगलं होतं तुले, दोरी मोकळी कर."

मॅडमनी तो सदरा मागितला. असा कसा द्यायचा म्हणून आईने तो ओढूनच घेतला आणि शेवटचा उपाय म्हणून ब्लीचिंग पावडरमध्ये बुडवला. अर्ध्या तासाने बाहेर काढला तेव्हा मोकळी जागा पांढरी पडली होती आणि डाग जास्तच उठून दिसत होते. आई रडकुंडीला आली. मॅडमनी लिहिलं, 'रंग अत्यंत पक्का.'

महिन्याभराने माझ्या दुकानात हातमागाच्या पांढऱ्या कापडाचे गठ्ठे येऊन पडले. मॅडमचं कलेक्शन ठरलं होतं. मी साधे, ढगळ, पांढरे कुर्ते शिवायचे. ते माहेरी पाठवायचे. तिथल्या कापणी करणाऱ्या टोळीने, त्यात बायका-पुरुष दोन्ही होते, ते महिनाभर कामावर घालायचे. मग ते कुर्ते परत माझ्याकडे, मी त्यांची जाकिटं बनवायची. मी रीतसर चाळीस कुर्ते शिवले. कापड इतकं मऊ होतं की शिवताना हात पुसून बसायचे. नानांनी ते टोळीत वाटले आणि कामाची सूचना दिली, चीक सांडू द्यायचा, पुसायचा नाही. टोळीने ऐकून घेतलं.

महिन्याने मी आणायला गेले तर बाजेवर चाळीस कुर्त्यांची थप्पी रचून ठेवली होती, बगळ्यासारखी पांढरी. एका कुर्त्याच्या बाहीवर शेंगदाण्याएवढा एक डाग होता आणि ज्याच्याकडून तो पडला होता तो माणूस माफी मागायला आला होता.

"घातले नाहीत का?" मी विचारलं.

टोळीत वयाने मोठी एक बाई होती, पील छाटण्यात पटाईत. ती म्हणाली, "घातले ना व माय. रोज घातले. वरून खताची गोणी घातली, गळ्यापाशी भोक पाडून. नव्या कापडावर चीक कसा पडू देऊ? हातच होत नाही."

बहुतेक सगळ्यांनी तसंच केलं होतं. चिकापासून कपडे वाचवायचं त्यांना लहानपणापासून कळत होतं, उलट कसं करायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. दोघांनी तर कुर्ते कामावर नेलेच नव्हते. एकजण ते घालून रावेरला तहसील कचेरीत जाऊन आला होता आणि तिथे त्याला पहिल्यांदाच बसायला खुर्ची मिळाली होती.

मी मॅडमना फोन केला. चाळीसच्या चाळीस कोरे का, म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. मग त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, मोकळेपणाने वागा. कपड्यांची काळजी करू नका." मी तसं सांगितलं. मोठी बाई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

नानांना आपण शब्द मोडला असं वाटत होतं. त्यांनी दोन दिवस मळ्यात जाऊन कोवळी पिलं कापली, चीक बादलीत गोळा केला, नमुन्याला दोन कुर्ते ओट्यावर पसरले आणि कडुनिंबाच्या डहाळीने वरून शिंपडला. मी फोटो पाठवला. मॅडमचं उत्तर आलं की हे फार मुद्दाम केल्यासारखं वाटतंय.

"मंग तिले काय पाहिजे?" नानांनी मला विचारलं.

"आपोआप झालेलं पाहिजे. पण पुढच्या पंधरवड्यात."

तोडगा शेवटी त्या मोठ्या बाईनेच काढला. "तिले जुनं आवडलं होतं ना? मंग जुनंच घेऊन जाय. नवं राहू दे आमच्यापाशी. बरोबरी झाली."

मॅडमना हे फार पसंत पडलं. त्यांच्याकडे त्यालाही एक नाव होतं, ते मी विसरले. त्या दुपारी आमच्या ओट्यावर गावभरचे चिकाचे कपडे येऊन पडले. जे कपडे आई कडब्यामागे लपवायची, तसले दोन गोणपाटं भरून तिने स्वतः मला बांधून दिले. बांधताना एकदाही वर पाहिलं नाही.

धुळ्याला आणून मी ते धुतले आणि उसवायला घेतले. पहिले काही दिवस मला लाज वाटत होती. गिऱ्हाईक आलं की मी त्यावर चादर टाकायचे. पण कपडे उसवताना हळूहळू दिसायला लागलं. बहुतेक सदऱ्यांचा डावा खांदा काळाकुट्ट होता, कारण घड डाव्या खांद्यावर घेतात आणि कोयता उजव्या हातात राहतो. एक सदरा उलटा निघाला, उजव्या खांद्याचा. तो डावरा असणार. बायकांच्या कपड्यांना कमरेशी आडवा पट्टा, विळा खोचतात तिथला. एका पोलक्यावर ठिगळ होतं, ठिगळावर डाग होता आणि त्या डागावर पुन्हा ठिगळ. दहाएक कपडे झाल्यावर माझी लाज गेली. मग मला कापतानाच वाईट वाटायला लागलं. कात्री लावायच्या आधी मी डाग जिथे होता तिथेच येईल असं बेतायचे, खांद्याचा डाग खांद्यावर, कमरेचा कमरेला. मला कोणी तसं सांगितलं नव्हतं. मॅडमनी पाहिल्यावर 'प्लेसमेंट' उत्तम आहे म्हणाल्या.

शो पुण्यात एका हॉटेलात होता. मला आणि नानांना बोलावलं होतं. नानांनी त्यासाठी इस्त्रीचं धोतर, पांढरा टेरिकॉटचा सदरा, त्यावर माझ्या भावाच्या लग्नातला कोट आणि डोक्याला कडक टोपी घातली होती. मॅडम स्वागताला पुढे आल्या आणि त्यांचा चेहरा थोडा उतरला.

"नाना, तुमचा रोजचा पोशाख नाही आणलात?"

"रोजचा तर तुम्हीच नेला ना, बाई."

दिवे मंद झाले, गाणं सुरू झालं आणि उंच, किडकिडीत मुली एकामागून एक आमच्या टोळीचे कपडे घालून चालत आल्या. मी शिलाया पाहत होते. एका जाकिटाची मागची शिवण ओढल्यासारखी दिसली आणि ती मुलगी परत वळेपर्यंत मी तीच पाहत राहिले. नाना मात्र माणसं ओळखत होते. "ही पाठ त्या उंच गड्याची," ते मला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, म्हणजे सगळ्या रांगेला ऐकू गेलं. "हा पंपावाल्याचा. अन् हा, अरे, हा तर त्या बाईचा, जिनं पाय मोडून घेतला मागच्या साली." समोरच्या दोन बायका वळून पाहू लागल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे.

शेवटी नानांना स्टेजवर नेलं. निवेदिकेने ओळख करून दिली ती 'चीक-रंगकलेचे अखेरचे जाणते' अशी. मग तिने विचारलं, "नाना, या नक्षीमागचा अर्थ आम्हाला सांगाल का?"

शेजारी नानांचाच सदरा घातलेली मुलगी उभी होती. नानांनी परवानगी विचारल्यासारखं तिच्याकडे पाहिलं आणि कापडाला हात न लावता बोटाने दाखवलं.

"हा खांद्याचा. घड ठेवला की देठातून गळते, ते इथून पाठीवर येते. हे कॉलरचं म्हणजे मान वाकडी ठेवाव लागते त्याचं. इथं खिशापाशी हात पुसलेला आहे, बिडी काढायची असली म्हणजे. अन् हे जे खाली एवढं मोठं आहे ना, त्या दिवशी पाय घसरला होता, घड अंगावर आला. बरगडीले लागलं होतं. दीड महिना बसून होतो."

मग टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात. नाना जरा गोंधळले. बरगडी मोडल्याबद्दल टाळ्या वाजवणारी माणसं त्यांनी आधी पाहिली नव्हती. खाली उतरल्यावर मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई त्यांना भेटायला आल्या आणि त्यांनी विचारलं की हाच रंग थोडा फिका मिळू शकेल का.

"पावसाळ्यात फिका पडते," नाना म्हणाले. "पण तेव्हा माणूस जास्त घसरते."

प्रत्येक कपड्याला एक जाडसर कागदाची चिठ्ठी लावलेली होती. नानांनी भाचीकडून ती वाचून घेतली. 'खानदेशची विस्मृतीत गेलेली रंगकला.'

"विसरलं कोण?" नानांनी विचारलं. भाचीने चिठ्ठी खाली सोडली आणि त्यांच्यासाठी चहा आणायला गेली.

कलेक्शन चांगलं चाललं म्हणे. पण ऑर्डरी वाढल्या तसा अडचणीचा मुद्दा आला. चिकाचे कपडे गावात संपले होते आणि नवे तयार व्हायला तीन वर्षं लागणार होती. शिवाय दुकानदारांना प्रत्येक नगावर डाग एकाच ठिकाणी हवे होते. मॅडमनी माझ्याशी बोलताना बरेच आढेवेढे घेतले, मग सांगितलं की आता ते छापूनच घ्यावे लागतील. कुठे, ते मी विचारलं नाही, साक्रीच्या बाईने आधीच सांगितलं होतं.

भाचीने छापील कुर्त्याचा फोटो मोबाईलवर नानांना दाखवला. छापताना डाव्या खांद्याचा डाग उजव्या खांद्यावरही घेतला होता, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. नानांनी फोटो मोठा करून पाहिला. "दोन्ही खांद्यावर घड?" ते म्हणाले. "चालीन कसा तो?"

सहा महिन्यांत तो कुर्ता नकलेची नक्कल होऊन धुळ्यात आग्रा रोडवर हँगरला लागला. एक शिक्षिका तो फिटिंगसाठी माझ्याकडे घेऊन आल्या. प्युअर ट्रॅडिशनल आहे म्हणाल्या, आपल्याकडे कोणाला किंमत नसते, बाहेरच्यांनी शोधून काढावं लागतं. मी कापड उलटून पाहिलं. बरगडीवरचा मोठा डाग जसाच्या तसा होता, फक्त लांबीच्या नादात पोटावर उतरला होता. मी त्यांना दोन्ही बाजूंनी इंच इंच आत घेऊन दिला. एवढं मात्र खरं की त्या दिवशी दुसरं कोणतंच काम नीट झालं नाही.

गावात राहिलेल्या पांढऱ्या कुर्त्यांचं मात्र बरं झालं. पुरुषांनी ते कचेरीच्या कामांसाठी ठेवले. बायकांनी उन्हाळ्यातल्या एका लग्नात घातले, तर वरपक्षाच्या माणसांनी त्यांना केटरिंगवाल्या समजून पाणी मागितलं. मोठ्या बाईने पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी तिने रंगाच्या पुड्या आणून सगळ्या बायकांचे कुर्ते एकाच पातेल्यात राणी रंगात बुडवले. "नवरा जिता आहे माहा, पांढरं कायले घालू?" असं म्हणाली. रंग छान बसला होता. मी स्वतः पाहिला.

मॅडमविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांनी नंतर मला दोन वेळा काम दिलं आणि प्रत्येक वेळी कापड चांगलं पाठवलं. पुढच्या थंडीत त्यांनी फोन करून विचारलं की वर्गाला घेऊन गावी येऊ का, विद्यार्थ्यांना चीक-रंगकला प्रत्यक्ष शिकायची आहे. मी नानांना विचारलं. एवढं शिकायला येताहेत म्हटल्यावर नाना हो म्हणाले. मी आदल्या दिवशीच माहेरी गेले.

सकाळी बस आली. पंचविसेक मुलंमुली उतरली, वह्या आणि कॅमेरे घेऊन. मॅडमनी त्यांना अर्धवर्तुळात उभं केलं आणि नानांनी प्रात्यक्षिक द्यावं अशी विनंती केली. नाना तयारीत होते. त्या दिवशी कापणी होती, ट्रक बांधावर उभा होता. त्यांनी पहिल्या मुलाला पुढे बोलावलं, त्याच्या खांद्यावर चुंबळ ठेवली आणि टोळीतल्या उंच गड्याने कापलेला घड वरून अलगद सोडला. मुलगा गुडघ्यात वाकला.

"मान वाकडी ठेव," नाना म्हणाले. "ट्रकापर्यंत जाय. मंग परत ये."

"नाना, आधी थोडी माहिती दिली असती तर," मॅडम म्हणाल्या.

"हेच तर आहे माहिती. दुसरी काही नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी आपली वही, शिक्षण संपवून आता त्यांच्याकडेच कामाला लागलेल्या भाचीकडे दिली आणि स्वतः रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. हे मला अपेक्षित नव्हतं. त्यांनी दोन घड नेले. तिसऱ्याला त्या बांधावर बसल्या आणि बराच वेळ खांदा दाबत राहिल्या. एका मुलीचा कुर्ता नवा होता, तिला रडू आलं. आईने तिला परसात नेलं आणि खरं तेच सांगितलं की हे आता जायचं नाही, घासून कापड फाडू नकोस. एक बारकीशी मुलगी मात्र न बोलता खेपा करत राहिली. नाना तिच्या मागोमाग चालत होते आणि प्रत्येक खेपेला ती खांदा कसा बदलते ते पाहत होते. जेवायला बसताना त्यांनी तिला आपल्याशेजारी बसवलं. काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण तिच्या पानातली गव्हाची बट्टी फोडून तूप त्यांनीच घातलं.

दुपारी परत निघायची वेळ झाली. सगळ्यांच्या अंगावर चीक वाळून तांबूस झाला होता. मॅडमनी गटाचा एक फोटो घेतला आणि मुलं बसकडे गेली. ड्रायव्हर दारातच आडवा उभा होता. कोणाला आत घेईना. मॅडमनी त्याला समजावलं की हा नैसर्गिक रंग आहे, काही अपाय नाही. तो ऐकून घेत होता, पण हलत नव्हता. शेवटी नानांनी गोठ्यातून रिकामी पोती आणली, त्याने ती एकेका सीटवर नीट अंथरली, कडा मागे खोचल्या, आणि मग बाजूला झाला. तो सावद्याचा होता, आमच्याच केळीच्या पट्ट्यातला.